ध्वनिमुद्रिकेची पाठचिकित्सा : जुन्या शास्त्रीय संगीताचे श्रवण आणि संग्रह

हस्तलिखित पोथी हाती आली म्हणजे अभ्यासक तिच्यातील मजकुराकडे एकदम वळत नाही. ती कोणी उतरवली, केव्हा उतरवली, कोणत्या प्रतीवरून उतरवली, पाने गळली आहेत काय, लेखकाचा हात कोठे घसरला आहे, हे प्रश्न तो आधी विचारतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही याच शिस्तीचे फळ होय. परंतु तोच अभ्यासक हिंदुस्थानी संगीताची एखादी जुनी ध्वनिमुद्रिका ऐकावयास बसला, की ही सारी सावधगिरी बाजूस ठेवतो. कानी पडणारा नाद म्हणजेच त्या गायकाचे गाणे, असे त्याने मनोमन गृहीत धरलेले असते. अमुक गायक फार चढ्या स्वरात गात, तमुक गायिकेची लय द्रुत असे, त्या काळी तंबोऱ्याला महत्त्व नव्हते, अशी विधाने या गृहीतावरच उभी राहतात. वस्तुतः ध्वनिमुद्रिका हाही एक पाठ आहे. त्याला लेखनिक आहेत, प्रती आहेत, लेखनदोष आहेत आणि प्रक्षेपही आहेत. हा पाठ कसा तयार झाला आणि संग्राहकाने व श्रोत्याने तो कसा वाचावा, याचा विचार येथे योजिला आहे.

फ्रेड गैसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गायिकेने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसून गावयाचे. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या पडद्याच्या कंपनांनी सुई हलावयाची आणि ती फिरत्या मेणाच्या तबकडीत चर कोरीत जावयाची. या क्रियेत विजेचा कोठेही संबंध नव्हता. ही मेणाची तबकडी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाई, तेथे तिच्यावरून धातूचा साचा होई आणि त्यातून लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या छापून हिंदुस्थानात परत येत. कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. गाणे संपताच गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. ही घोषणा पुढे त्यांची ओळखच होऊन बसली. या प्रथेचे व्यावहारिक कारण असे सांगितले जाते, की हॅनोव्हरच्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळण्यास दुसरा सोपा मार्ग नव्हता. पोथीच्या अखेरीस लेखनिक जी पुष्पिका लिहितो, तिचेच कार्य ही घोषणा करिते. भाषाभ्यासकाला तिचा आणखी एक उपयोग आहे. तो पुढे येईल.

पाठातील पहिला आणि सर्वांत घातक दोष वेगाचा. या तबकड्यांना सर्रास ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ असे म्हटले जाते, त्यामुळे त्या सर्व मिनिटास ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असाव्यात असा समज होतो. परंतु हा आकडा प्रमाण म्हणून स्थिरावला तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यापूर्वी कंपनी, ध्वनिमुद्रक आणि क्वचित् मुद्रणाचा दिवस यांप्रमाणे वेग बदलत असे. सत्तरीच्या आरंभापासून ऐंशीच्या पुढपर्यंतचे वेग आढळतात. समजा, एखादी तबकडी ७२ फेऱ्यांनी मुद्रित झाली आहे आणि संग्राहक ती ७८ वर वाजवीत आहे. सव्वातीन मिनिटांचे गाणे बरोबर तीन मिनिटांत संपेल आणि लय सुमारे आठ टक्क्यांनी वाढेल. याबरोबरच सर्व स्वर जवळजवळ दीड पट्टीने चढतील. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत राहील. मधल्या स्वरांचे परस्परसंबंध मात्र बदलत नाहीत. सर्वच स्वर एका प्रमाणात सरकल्यामुळे राग रागच राहतो, आणि म्हणूनच ही चूक ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. येथे खरा धोका आहे. सुराबेसुराच्या दृष्टीने निर्दोष वाटणारे गाणे कंठाच्या, लयीच्या आणि दमसासाच्या दृष्टीने सर्वस्वी खोटी साक्ष देत असते. त्यावरून एखाद्या गायकाच्या तानेची चपलता मोजणे म्हणजे लेखनिकाच्या घाईला कवीची प्रतिभा समजण्यासारखे आहे.

मग खरा वेग ठरवावा कसा? साथीला हार्मोनियम असेल तर ती पहिली साक्षीदार. गायक साधारणपणे पेटीच्या एखाद्या पट्टीला धरून गातो. म्हणून दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकलेला षड्ज ऐकू आला, की वेगाविषयी शंका घ्यावी. अर्थात् त्या काळच्या पेट्या सर्वत्र एकाच स्वरमानावर लावलेल्या नसत, हेही विसरता कामा नये. ही साक्ष संशय उत्पन्न करण्यापुरती चांगली, निर्णयाला पुरेशी नाही. दुसरी साक्ष शेजारच्या तबकड्यांची. तबकडीच्या मध्यभागी, कागदी पट्टीच्या कडेला किंवा तिच्याखाली, एक क्रमांक कोरलेला अथवा उठवलेला असतो. विक्रीसाठी छापलेल्या क्रमांकाहून तो वेगळा. तो साच्याचा, म्हणजे मूळ मुद्रणाचा क्रमांक होय. एकाच गायकाचे लागोपाठचे साचाक्रमांक बहुधा एकाच बैठकीत झालेले असतात. त्या बैठकीत यंत्राचा वेग आणि गायकाची पट्टी वारंवार बदलली असण्याचा संभव थोडा. अशा चार-पाच बाजू एकत्र लावून पाहिल्या, की एकीने न सांगितलेले दुसरी सांगते.

तिसरी साक्ष उपरोक्त घोषणेची. गाताना मनुष्य आपला आवाज हवा तेथे नेऊ शकतो, परंतु बोलताना त्याच्या मुखविवराचे मोजमाप लपत नाही. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ हे स्वर एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात ते मुखविवरात उत्पन्न होणाऱ्या अनुनादांमुळे, आणि या अनुनादांच्या कंपनसंख्या मुख्यतः जिभेच्या स्थितीवर आणि कंठापासून ओठांपर्यंतच्या नळीच्या लांबीवर अवलंबून असतात. तबकडी अधिक वेगाने फिरली, की हे अनुनादही वर सरकतात. परिणामी प्रौढ स्त्रीचे बोलणे मुलीसारखे आणि पुरुषाचे बोलणे चिरके भासू लागते. गाण्यात जे खपून जाते ते बोलण्यात खपत नाही. घोषणेतील तीन-चार शब्द नैसर्गिक वाटेपर्यंत वेग कमीअधिक करावा आणि मग गाण्याकडे वळावे, ही युक्ती अनुभवी संग्राहक कानाने वापरीत आले आहेत. ध्वनिविज्ञानात तिला आधार आहे. ही कसोटी सूक्ष्म नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु पेटीच्या साक्षीशी ती जुळली तर उत्तर बऱ्याच विश्वासाने देता येते.

या संदर्भात एक अपवादात्मक ध्वनिमुद्रिका सांगण्याजोगी आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर या दोन अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या पाठविण्यात आल्या. त्यांवर गोमंतकातील केरी येथे जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवावी याच्या आकृती कोरल्या आहेत. एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागावेत, म्हणजे मिनिटास सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेरे व्हावेत, हे हायड्रोजन अणूतील एका स्थित्यंतराच्या कालमानात सांगितले असून सोबत सुईही ठेवली आहे. पृथ्वीवर विकल्या गेलेल्या आरंभीच्या तबकड्यांच्या वाट्याला इतके स्पष्ट वेगपत्रक सहसा आले नाही!

दुसरा दोष गळलेल्या अक्षरांचा. कर्ण्याने केलेल्या मुद्रणाची ग्रहणशक्ती साधारणतः दर सेकंदास १६८ ते २००० कंपनांपर्यंतची मानली जाते. विद्युत् मुद्रण १९२५ पासून पाश्चात्त्य देशांत सुरू झाले आणि त्यानंतर अल्पावधीतच ते हिंदुस्थानात आले. त्याने ही मर्यादा खाली १०० व वर ५००० पर्यंत नेली. हे आकडे केवळ यंत्रज्ञांच्या कामाचे नाहीत. ‘स’ या वर्णाची मुख्य शक्ती चार हजार कंपनांच्या वर असते. ‘श’ थोडा खाली, तरीही दोन हजारांच्या वरच. याचा अर्थ असा, की कर्ण्याच्या तबकडीवर ऊष्म वर्ण जवळजवळ उमटलेलेच नसतात. ‘सखी’ मधील ‘स’ ऐकू आला असे श्रोत्यास वाटते, कारण शब्द त्याच्या परिचयाचा असतो. कानाने सोडलेली जागा स्मृती भरून काढते. परिचित शब्दांत हे चालून जाते, परंतु ब्रज अथवा पूर्वी बोलीतील अपरिचित चीज उतरवून घेताना ही स्मृतीच शत्रू होते. पुष्कळ अभ्यासक भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतील छापील चीज समोर ठेवून तबकडी ऐकतात. मग कान पुस्तकात छापले आहे तेच ऐकतो आणि तबकडीवरचा निराळा पाठ, जो कदाचित् गायकाच्या घराण्याचा वैशिष्ट्यपूर्ण पाठ असेल, कायमचा हरवतो. म्हणून प्रथम पुस्तक मिटून, शक्य तर दोघांनी स्वतंत्रपणे, शब्द उतरवावेत. संशयित वर्णांखाली खूण करावी. छापील पाठ त्यानंतर उघडावा. भाषेचे नमुने गोळा करताना क्षेत्रकार्यात जे पथ्य पाळले जाते ते येथे शिथिल करण्याचे काहीच कारण नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाला जोडून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत हिंदुस्थानातील बोलींच्या तबकड्या काढण्यात आल्या होत्या. त्यांत बायबलातील उधळ्या पुत्राची कथा हा ठराविक मजकूर अनेकदा येतो. ऐकणाऱ्यास मजकूर आधीच ठाऊक असल्यामुळे तेथेही हाच मोह आड येतो.

खालच्या बाजूची हानी याहून चमत्कारिक आहे. काळी एकचा पुरुषी मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा. म्हणजे षड्जापासून कोमल गांधारापर्यंतचे मूळ नाद कर्ण्याच्या कक्षेबाहेर पडतात, मग खर्जाची गोष्टच नको. तथापि ते ऐकू येतात. त्यांचे वरचे उपनाद तबकडीवर उतरलेले असतात आणि त्यांवरून कान मूळ नादाची रचना करून घेतो. दूरध्वनीवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तोही याच न्यायाने. परंतु आवाजाचा भरदारपणा, त्याचे वजन, हे मात्र गेलेलेच असते. तबल्याच्या डग्ग्याचीही हीच गत होते. तंबोरा तर कर्ण्यापासून दूर, मागे असावयाचा. त्याची जवारी सूक्ष्म उपनादांची बनलेली असल्याने ती प्रायः नाहीशी होते. तंबोरा ऐकू येत नाही म्हणून तो नव्हताच, असे अनुमान काढणाऱ्याने आपण मौनावरून सिद्धान्त मांडीत आहोत हे ओळखावे.

अब्दुल करीम खाँ यांचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे काही मुद्रण झाले. पुढे १९३७ मधील त्यांच्या निधनापूर्वीच्या थोड्या वर्षांत ते पुन्हा झाले. पहिले कर्ण्याचे आणि दुसरे मायक्रोफोनचे. दोन्हींतील आवाज इतका भिन्न भासतो, की त्यांच्या गायकीत मधल्या काळात मूलगामी बदल झाला असे म्हणावेसे वाटते. बदल झालाही असेल, परंतु तो ठरविण्यापूर्वी यंत्राचा वाटा वजा करणे अवश्य आहे. कर्ण्यासमोर गायकाला आवाज सतत जोरकस ठेवावा लागे. मायक्रोफोनने हळुवार स्वरलगावाला, रेंगाळणाऱ्या मींडेला प्रथमच जागा दिली. त्यांच्या उत्तरकालीन भैरवी-झिंझोटीतील आर्त कोमलता पूर्वी त्यांच्या गळ्यात नव्हती की केवळ तबकडीत नव्हती, हा प्रश्न निदान विचारला तरी गेला पाहिजे.

कालमर्यादेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत, बारा इंचीस त्याहून मिनिट-सव्वा मिनिट अधिक. विलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते. तीन मिनिटांत पुरती चार आवर्तनेही बसत नाहीत. साहजिकच तबकडीवर आला तो बव्हंशी मध्य व द्रुत लयीतील ख्याल, ठुमरी, नाट्यपद. जोहराबाई आग्रेवाली यांच्या १९०८ नंतरच्या मुद्रिका ऐकताना एवढ्याशा अवकाशात अस्थायी, अंतरा, बोलताना आणि समेवरचे येणे किती दाटीने पण किती निश्चिंतपणे मांडले आहे याचे आश्चर्य वाटते. ही दाटी ही एक स्वतंत्र रचनाकला आहे. परंतु ती मैफलीच्या गाण्याचा सारांश आहे असे समजून तिच्यावरून विलंबिताचा इतिहास लिहिणे बरोबर नव्हे. अमीर खाँ यांची मारवा-दरबारीची दीर्घ तबकडी १९६० च्या सुमारास निघाली. तेव्हा कोठे अतिविलंबित लयीला एका बाजूवर सलग वीस मिनिटे मिळू लागली.

पुन्हा, ज्यांनी गाणे मुद्रितच केले नाही त्यांचे काय? भास्करबुवा बखले १९२२ मध्ये आणि अल्लादिया खाँ १९४६ मध्ये निवर्तले. महाराष्ट्राच्या गायनपरंपरेवर या दोघांइतका ठसा क्वचितच कोणाचा असेल, परंतु बाजारात त्यांची एकही तबकडी आली नाही. उलट रहिमत खाँ यांच्या तबकड्या आहेत, पण त्या आयुष्याच्या अगदी अखेरच्या वर्षांतल्या. संग्रह कितीही मोठा असला तरी तो परंपरेचा नकाशा नव्हे. ज्या वाटांवरून यंत्र गेले तेवढ्याच वाटा त्यात दिसतात. आरंभीच्या मुद्रणांत तवायफ आणि बाई म्हणविणाऱ्या गायिका मोठ्या संख्येने आढळतात. अनेक उस्ताद यंत्रापासून दूर राहिले असता या स्त्रिया निर्भयपणे कर्ण्यासमोर बसल्या. तत्कालीन समाजाने त्यांना जे स्थान दिले त्याच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

आता प्रतींविषयी. मूळ लाखेची तबकडी, तिचे दीर्घ तबकडीवरील पुनर्मुद्रण, ध्वनिफीत, सघन तबकडी आणि अखेर महाजालावरील प्रत, अशा क्रमाने एकच गाणे पाच-सहा हातांतून गेलेले असते. प्रत्येक लेखनिकाने आपल्या समजुतीप्रमाणे त्यात ‘सुधारणा’ केलेली असते. खरखर काढण्याच्या यंत्रणेने खरखरीबरोबर ‘स’काराचा उरलासुरला अंश आणि मींडेचे विरत जाणारे टोक खरवडून नेलेले असते. चुकलेल्या वेगाची प्रत झाली, की पुढील सर्व प्रतींत तो वेग वंशपरंपरेने उतरतो. अशा दहा प्रती एकमेकींशी जुळल्या म्हणजे दहा साक्षी झाल्या असे नव्हे. त्या सर्व एकाच प्रतीच्या संतती असू शकतात. पाठचिकित्सेतील हा प्राथमिक नियम संगीताच्या अभ्यासकास अपरिचित राहावा हे नवलच म्हटले पाहिजे. चुकीच्या नावाने फिरणारे गाणे ओळखण्यास अंतर्गत पुरावा कधी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ च्या सुमारास सैल केली. मधल्या काळातील नभोवाणीचे म्हणून कोणी मुद्रण पुढे केले आणि त्यात पेटीची साथ ऐकू आली, तर त्याचे साल अथवा त्याचे मूळ पुन्हा तपासावे.

जतनाचे नियम थोडे आणि साधे आहेत. लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. धुताना मद्यार्काचा थेंबही लागू देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते. दीर्घ तबकडीची बारीक सुई जुन्या रुंद चरासाठी वापरू नये. ती चराच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर अधिक उचलते. प्रत करताना एक प्रत कोणताही संस्कार न करता, जशी आहे तशी घ्यावी. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय संघटनेने हेच तत्त्व पुरस्कारिले आहे. श्रवणासाठी साफ केलेली प्रत स्वतंत्र असू द्यावी, पण ती मूळ म्हणून मिरवू नये.

याहून महत्त्वाची आणि अधिक उपेक्षित वस्तू म्हणजे संग्राहकाची नोंदवही. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तबकडी मिळाली, की जाणता संग्राहक तिचा विक्रीक्रमांक आणि साचाक्रमांक दोन्ही टिपतो. कागदी पट्टीवरील रागनाम जसेच्या तसे, रोमन लिपीतील चुकीसह, उतरून घेतो आणि कानाला जो राग वाटला तो वेगळ्या रकान्यात लिहितो. वाजवलेला वेग, षड्जाची पट्टी, घोषणेतील शब्द, तबकडी कोणाकडून आली, तडा कोठे आहे, हे सारे त्यात येते. मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने आपल्या नियतकालिकातून अशा याद्या छापल्या. या कार्याला कंपनीच्या दप्तराइतकाच आधार अशा खाजगी नोंदींचा असतो. विद्यापीठीय संशोधनात त्यांना अद्याप साधनग्रंथाची प्रतिष्ठा लाभलेली नाही.

संग्राहकाच्या पश्चात् घरातील मंडळी तबकड्या विकावयास काढतात, तेव्हा घेणारा तबकड्या मोजून घेतो, यंत्राची किंमत करतो. वही बहुधा रद्दीत जाते. तिच्यात एखाद्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले असते, की अमुक साचाक्रमांकाची बाजू ७४ वर लावली असता बाईंची घोषणा नीट ऐकू येते.